बुरुजाएवढा मावळा

दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा नेहमी बुरुजाएवढा असतो. सहामाही परीक्षा संपली की आमच्या घोडबंदरला सोसायट्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यात विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या आणि चिखलात भिजवलेली गोणपाटे जमा होऊ लागतात. दोन-तीन दिवसांत डोंगर उभा राहतो. उतारावर हळीव नाहीतर मोहरी उगवते, पायथ्याशी आरशाच्या तुकड्याचा तलाव होतो आणि मग खोक्यातून चित्रे बाहेर निघतात. महाराज सिंहासनावर बसलेले, आणि बसूनही शेजारच्या महादरवाजाहून उंच. पहाऱ्यावरच्या मावळ्याचा खांदा बुरुजाच्या कठड्याला लागलेला. वाघ घोड्यापेक्षा थोराड, कारण तो गेल्या वर्षी दुसऱ्या दुकानातून आणलेला. गवळणीच्या डोक्यावरचा हंडा तोफेच्या चाकाएवढा. आणि हळिवाची बोटभर रोपे एकाच वेळी गवतही असतात आणि जंगलही.

या किल्ल्यापुढे उभे राहून ‘प्रमाण चुकलं’ असे म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. पण तोच माणूस ॲनिमेशनपट बघत असताना, मघाशी मित्राच्या खांद्याला लागणारे पात्र आता त्याच्या कमरेला लागते आहे असे दिसले, की अस्वस्थ होतो. काय बिघडले ते त्याला सांगता येत नाही, पण काहीतरी बिघडले आहे हे कळते. मी ॲनिमेशनच्या लेआउट विभागात काम करते. कोणते पात्र कुठे उभे राहील, त्याच्यामागचे घर केवढे, दार केवढे, कॅमेरा किती उंचीवरून बघेल, हे आम्ही ठरवतो. आकार हाच माझ्या रोजच्या कामाचा विषय असल्यामुळे एकाच प्रेक्षकाच्या मनातली ही दोन मापे मला स्वस्थ बसू देत नाहीत. मातीच्या किल्ल्यावर जे आनंदाने मान्य होते, ते पडद्यावर का खटकते?

कोणत्याही मालिकेचे काम सुरू होताना ‘लाइनअप’ नावाचा एक तक्ता बनतो. सगळी पात्रे एका ओळीत, सरळ उभी, मागून आडव्या रेषा गेलेल्या. कोणाचे डोके कोणाच्या कानापर्यंत येते, कोणाची कोपरे टेबलाला टेकतात, हे त्यावरून ठरते. उंची सेंटिमीटरमध्ये क्वचितच सांगतात, ती डोक्यांत मोजतात. हा नायक साडेसात डोक्यांचा, ही मुलगी चार डोक्यांची. नव्याने कामावर येणाऱ्या मुलांना ही रीत परदेशातून आलेली वाटते. आपल्या मूर्तिकारांनी मात्र शतकानुशतके हेच काम तालमानाने केले आहे. ताल म्हणजे चेहऱ्याची लांबी. शिल्पग्रंथांत ब्रह्मा, विष्णू, महेश यांना उत्तम दशताल दिलेला आहे, माणसाला आठ ताल, गणपतीला पाच, वामनाला आणि लहान मुलांना चार. पाच तालांत बसवलेल्या देवाचे डोके अंगाच्या मानाने मोठे होते, म्हणून गणपती कितीही भव्य केला तरी त्याचे बाळसे जात नाही. २००८ पासून घराघरांत पोचलेल्या छोटा भीमचे मोठे डोके आणि आखूड हातपाय याच हिशेबाने मनात घर करतात. थोड्या तालांचा देह आपल्याला मूल वाटतो आणि मुलावर आपण लगेच माया करतो.

मग तक्ता असूनही आकार बिघडतात ते कसे? एका भागात शेकडो शॉट असतात आणि ते निरनिराळे लोक करतात. कोणाच्या शॉटमध्ये कॅमेरा जवळ असतो, कोणाच्या लांब. त्यात दोन असमान उंचीची पात्रे एकमेकांशी बोलत असली, की पंचाईत होते. तक्त्याप्रमाणे उभी केली, तर एकाचा चेहरा चौकटीत येतो आणि दुसऱ्याचे फक्त केस दिसतात. अशा वेळी आमच्याकडे ‘इथे चीट कर’ म्हणतात. म्हणजे ठेंगण्या पात्राला चौकटीबाहेरच्या अदृश्य पाटावर उभे करायचे, त्याला थोडे कॅमेऱ्याकडे सरकवायचे, दोघांच्या नजरा जुळवायच्या. शॉट सुंदर होतो आणि कोणाला काही कळत नाही. त्रिमितीय कामात आणखी एक अडचण येते. खुर्ची एका साठ्यातून आणलेली, झाड दुसऱ्या, घोडा तिसऱ्या. प्रत्येकाने आपल्या हिशेबाने वस्तू बनवलेली. एका दृश्यात त्या एकत्र आल्या की खुर्चीवर बसलेल्या राजाचे पाय जमिनीला टेकत नाहीत.

चित्रपटाच्या इतिहासात आकाराची सर्वांत प्रसिद्ध ओढाताण १९३३ च्या ‘किंग काँग’मध्ये झाली. बाहुल्या एकेक चौकट हलवून चित्रित करण्याचे काम विलिस ओब्रायन यांचे होते. बेटावरच्या प्रसंगांसाठी काँगची उंची १८ फूट धरली होती. पुढे तो न्यूयॉर्कला येतो, दोनच वर्षांपूर्वी पुरी झालेली १०२ मजली एम्पायर स्टेट इमारत चढतो, आणि तिथे १८ फुटांचा वानर अगदी किरकोळ दिसू लागला. म्हणून शहरातल्या दृश्यांसाठी त्याला २४ फुटांचा केला. जाहिरातीत तर त्याची उंची ५० फूट सांगितली गेली. खऱ्या आकारात बनवलेला त्याचा हात आणि डोके यांची मापे पुन्हा वेगळीच. निर्माते-दिग्दर्शक मेरियन कूपर यांनी हे जाणूनबुजून होऊ दिले. ज्या दृश्यात काँग जेवढा वाटायला हवा, तेवढा तो असावा असे त्यांचे मत होते. इतक्या वर्षांनंतरही तो चित्रपट बघताना आपण त्याची उंची मोजत बसत नाही. जंगलात तो भीतिदायक असतो आणि मनोऱ्यावर एकाकी. त्या दोन भावनांना दोन वेगवेगळी मापे लागली.

जपानच्या गॉडझिलाची वाढ मला त्याहून जवळची वाटते. १९५४ मध्ये तो पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा त्याची उंची ५० मीटर होती. त्या काळी जपानमध्ये इमारतींना ३१ मीटरची मर्यादा होती, त्यामुळे टोकियोच्या कोणत्याही गच्चीवरून तो मान वर करून बघावा लागे. पुढे ही मर्यादा उठली आणि मनोरे वाढू लागले. १९८४ च्या चित्रपटात गॉडझिला ८० मीटरचा झाला. १९९१ मध्ये, टोकियो महानगर शासनाची २४३ मीटर उंच इमारत नुकतीच उभी राहिली असताना, त्याला १०० मीटरचा करावा लागला. प्राणी तोच, पण शहर वाढले म्हणून त्यालाही वाढावे लागले, नाहीतर त्याचा धाक उरला नसता.

घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आमचा किल्ला लहानशा टेकडीवर आहे. पोर्तुगीजांनी तो खाडीवर नजर ठेवण्यासाठी बांधला. इथल्या बंदरात अरबी घोड्यांचा व्यापार चाले, त्यावरून गावाला हे नाव पडले असे सांगतात. १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला, आणि दोन वर्षांनी खाडीपलीकडचा वसईचा किल्लाही पडला. होडीतून येणाऱ्या माणसाला या टेकडीवरचा तट केवढा थोरला दिसत असेल याची आज कल्पना करावी लागते. काशिमीऱ्याकडून येताना आता आधी टॉवर दिसतात, मग पुलावरची ट्रकांची रांग, आणि किल्ला शोधावा लागतो. त्याची उंची काही फारशी कमी झालेली नाही. भोवतालची मापे बदलली आणि किल्ला आपोआप लहान झाला. गॉडझिलाला वाढवता आले, किल्ल्याला कसे वाढवणार? त्याचा मोठेपणा आता आपल्याला मनातल्या मनात राखावा लागतो. त्यासाठी आकाराची जाण लागते, म्हणून हा विषय मला नुसता कारागिरीचा वाटत नाही.

मोठेपणा पडद्यावर उभा करायला उंची पुरत नाही, वेळही लागतो. गॉडझिलाच्या पोशाखात माणूस असे आणि आजूबाजूचे शहर खऱ्याच्या पंचविसाव्या हिश्श्याने बनवलेले असे, म्हणजे ५० मीटरचा प्राणी दोन मीटरचा. पण दोन मीटरवरून दगड पडायला सुमारे ०.६४ सेकंद लागतो आणि ५० मीटरवरून सुमारे ३.२ सेकंद, बरोबर पाचपट. माप पंचवीसपट वाढले की वेळ पाचपट वाढतो. म्हणून गॉडझिलाची ट्रिकदृश्ये करणाऱ्या एजी त्सुबुराया यांच्यासारख्या कसबी माणसांनी अशी दृश्ये कॅमेरा जास्त वेगाने चालवून चित्रित केली आणि पडद्यावर ती सावकाश दाखवली. कोसळणारी भिंत हळू पडली की ती मोठी वाटते. याच्या मुळाशी साधे गणित आहे. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ मध्ये प्राण्यांच्या योग्य आकारावर एक निबंध लिहिला होता.  उंची दहापट केली, तर वजन हजारपट होते, पण ते पेलणाऱ्या हाडांच्या छेदाचे क्षेत्रफळ शंभरपटच वाढते, हे त्यांनी दाखवले. माणसाच्या बांध्याचा कुंभकर्ण खरोखर उठून उभा राहिला, तर त्याच्या मांडीची हाडे पहिल्याच पावलाला मोडतील. हे गणित प्रेक्षकाला येत नसते, पण त्याच्या शरीराला येते. हत्ती कसा चालतो आणि मांजर कशी चालते हे आपण सगळ्यांनी पाहिलेले असते. राक्षस मांजरीच्या चपळाईने वळला की मन म्हणते, हा राक्षस नव्हे, मोठे करून दाखवलेले चित्र आहे.

व्हिडिओ गेममध्ये हा प्रश्न आणखी नाजूक होतो, कारण तिथे आपण नुसते बघत नाही, त्या जगात वावरतो. जुन्या गेमना जागाच नव्हती. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधला छोटा मारिओ उभ्या-आडव्या सोळा-सोळा ठिपक्यांत बसवलेला, आणि अळंबी खाल्ली की तो दुप्पट उंच. १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये जगाच्या नकाशावर चालणारा वीर आख्ख्या गावाएवढा दिसतो, आणि गावात पाऊल टाकताच तेच गाव त्याच्याभोवती पसरते. १९९६ च्या पोकेमॉनमध्ये वीस सेंटिमीटरचा डिगलेट आणि ८.८ मीटर लांबीचा ओनिक्स ५६ ठिपक्यांच्या एकाच चौकोनात समोर येत. मुलांची त्याबद्दल कधीही तक्रार नव्हती. प्रत्येक प्राण्याची उंची गेममधल्या पोथीत लिहिलेली असे, आणि चौकोन म्हणजे ओळखपत्रावरचा फोटो हे त्यांना ठाऊक होते. खेळणाऱ्याशी झालेला हा एक करार होता आणि तो शेवटपर्यंत पाळला गेला.

आजच्या साधनांत जागेची अडचण नाही. अनरियल इंजिनात एक एकक म्हणजे एक सेंटिमीटर, युनिटीत एक मीटर. पात्र पाच फूट आठ इंचांचे हवे तर तेवढेच होते. तरीही गेममधली दारे खऱ्या दारांपेक्षा रुंद असतात, छत उंच असते, जिने ऐसपैस असतात. खेळणाऱ्याचा कॅमेरा पात्राच्या पाठीमागे, खांद्यावरून बघत असतो. खऱ्या मापाच्या खोलीत तो भिंतीत घुसेल. म्हणून खोली मोठी करतात आणि ती पडद्यावर योग्य वाटते. माझा भाचा असे किल्ल्यांचे गेम खूप खेळतो. एकदा त्याला आमच्या किल्ल्यावर घेऊन गेले होते. तटाच्या एका पडक्या जागी तो बराच वेळ थांबला, भिंतीला हात टेकवून वर बघत राहिला आणि म्हणाला, ‘मावशी, गेममध्ये मी ही एका उडीत चढलो असतो.’ मग त्याने खरोखर चढायचा प्रयत्न केला. पावलाला आधार मिळेना, दगड तापलेला, हाताला खडबडीत. खाली उतरून तो म्हणाला, ‘चिमाजी आप्पांचे लोक कसे चढले असतील गं?’ हा प्रश्न त्याला गेममध्ये कधीच पडला नव्हता. भिंतीची खरी उंची अंगाला कळली, तेव्हा इतिहास त्याच्यासाठी सुरू झाला.

आता कोणी विचारील, आपल्या परंपरेत तरी खरे माप कुठे आहे? घोडबंदरच्या मागे जो डोंगर आणि जंगल दिसते ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. त्याच जंगलात कान्हेरीची लेणी आहेत. तिथल्या तिसऱ्या लेण्यात, चैत्यगृहाच्या ओसरीच्या दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीचे उभे बुद्ध कोरलेले आहेत. त्यांच्या पायाशी उभे राहिलेल्या माणसाला त्यांचा चेहरा बघायला मान पूर्ण मागे टाकावी लागते. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात कपिलवस्तूला परतलेला बुद्ध भिक्षापात्र घेऊन यशोधरेच्या दारी उभा आहे. तो प्रचंड आहे, आणि यशोधरा व राहुल त्याच्यापुढे अगदी लहान. एका पतीला, एका पित्याला एवढा मोठा रंगवण्याचे कारण चित्र बघताक्षणी कळते. तो आता घरात मावणारा माणूस उरलेला नाही. त्या आईने आणि मुलाने त्याच्याकडे कसे पाहिले असेल, हे चित्रकाराने नुसत्या आकारातून सांगितले. गणपती उंदरावर बसतो यातही कोणाला विसंगती दिसत नाही. मांडवातली मूर्ती पंधरा फुटांची झाली की पायाशी बसलेला उंदीरही मांजराएवढा होतो आणि ते सगळ्यांना मान्य असते. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या पडद्यापासून दिव्याकडे सरकल्या की त्यांची सावली वाढते, आणि तेवढ्याने राक्षस अंगावर येतो.

या सगळ्याचा मुकुटमणी हनुमान आहे. समुद्र ओलांडताना सुरसा त्याला गिळायला तोंड पसरते. ती जसजशी तोंड मोठे करते तसतसा तो अंग वाढवतो, आणि ती पुरेशी पसरली की क्षणात अंगठ्याएवढा होऊन तिच्या तोंडात शिरून बाहेर येतो. लंकेत शिरताना तो मांजराएवढा लहान होतो, कारण त्याला कोणाच्या नजरेस पडायचे नाही. सीतेला या इवल्याशा वानराच्या सामर्थ्याबद्दल शंका येते, तेव्हा तो पर्वताएवढे रूप दाखवतो, कारण तिला धीर द्यायचा आहे. आकाराचा एकही बदल वायफळ नाही. प्रत्येक वेळी कोणाला तरी काहीतरी सांगायचे आहे. जगभरातल्या ॲनिमेटरना शिकवावे असे हे प्रकरण आहे. १९९२ मध्ये युगो साको आणि आपले राम मोहन यांनी जपानी व भारतीय कलावंतांना घेऊन रामायणावर चित्रपट केला, २००५ मध्ये व्ही. जी. सामंत यांनी ‘हनुमान’ केला. कमीअधिक होणारा हा देह हाती घेताना त्या सगळ्यांपुढे एकच कसोटी होती. आत्ता हा एवढा का?

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळते. पडद्यावरचा आकार खऱ्या मापाशी जुळलाच पाहिजे असे मुळीच नाही. तो कशाशी तरी जुळला पाहिजे. श्रद्धेशी, भीतीशी, पात्राच्या मनःस्थितीशी, नाहीतर त्या जगाच्या ठरवून दिलेल्या नियमाशी. मुलांचा किल्ला आपल्याला पटतो, कारण त्याचा नियम स्वच्छ आहे. जो महत्त्वाचा तो मोठा. महाराज सगळ्यांत मोठे, मग मावळे, मग तोफा, आणि दगडमाती शेवटी. अजिंठ्याच्या चित्रकाराचा नियमही हाच होता, म्हणून मी कधीही कोणत्या मुलाचा किल्ला सुधारायला जात नाही आणि कोणी जाऊही नये. पडद्यावर जे खटकते ते दुसरेच असते. तिथे पात्र लहान किंवा मोठे झालेले असते आणि त्यामागे कोणीही नसते. ते कोणी ठरवलेले नसते, ते नुसते होऊन गेलेले असते. प्रेक्षकाला नेमके हेच कळते, की या जगाकडे कोणाचे लक्ष नाही.

हे लक्ष नसणे आपल्या इतिहासाच्या बाबतीत फार महागात पडते. मराठ्यांच्या किल्ल्यांची सगळी हुशारी मापांत आहे. गोमुखी दरवाजाची रचना घ्या. दोन बुरूज एकमेकांना असे वळसा घालतात की दरवाजा समोरून दिसतच नाही, आणि त्याच्यापुढची वाट इतकी आवळलेली आणि वळणाची की हत्तीला धडक द्यायला धाव मिळत नाही. गेमच्या कॅमेऱ्यासाठी ही वाट तिप्पट रुंद केली, तर दरवाजा तसाच दिसेल पण त्याचा अर्थ नाहीसा होईल. हत्ती सरळ धावत येईल आणि खेळणाऱ्या मुलाला वाटेल, पूर्वीच्या लोकांनी उगीच वळण घातले. किंवा दिंडी बघा. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर हत्तींना रोखण्यासाठी ७२ अणकुचीदार खिळे आहेत, आणि त्याच अजस्र दाराच्या पोटात माणसापुरती छोटी दिंडी आहे. आत येणाऱ्याला वाकावे लागते, एका वेळी एकालाच जाता येते, आणि वाकलेला माणूस तलवार उपसू शकत नाही. एकाच दारात दोन मापे, एक वैभवाचे आणि एक सावधगिरीचे. ॲनिमेशनमध्ये ती दिंडी सोयीसाठी मोठी केली की पेशवाईतला माणूस ताठ मानेने आत जातो, आणि त्या दाराला जे सांगायचे होते ते राहून जाते.

घोड्यांचे तर आमच्या गावाच्या नावाशीच नाते आहे. ॲनिमेशनसाठी तयार मिळणारा घोडा बहुतेक वेळा पाश्चात्त्य शर्यतीचा, सोळा हातांच्या आसपासचा, म्हणजे खांद्यापाशी सुमारे १६० सेंटिमीटर उंच. खाडीच्या बंदरांत उतरणारा अरबी घोडा साधारण १४५ ते १५५ सेंटिमीटरचा. आणि मराठ्यांच्या फौजेचा कणा असलेले भीमथडी तट्टू त्याहूनही ठेंगणे, काटक, डोंगरातल्या पायवाटेवर न अडखळणारे. त्या उंच घोड्यावर मावळा बसवला की तो रुबाबदार दिसतो खरा, पण सह्याद्रीच्या घाटवाटेने तो उतरणार कसा? गनिमी काव्याचे निम्मे रहस्य त्या ठेंगण्या घोड्यात होते. घोडा उंच केला आणि रहस्य गेले.

हे नीट करता येते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहान स्टुडिओने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम आणला. सर्कशीत वाढलेली एक मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला शोधत राक्षसांशी लढते. कॅमेरा बराच मागे ठेवलेला आहे, त्यामुळे महालांच्या आणि मंदिरांच्या भव्य कमानींपुढे राजी अगदी चिमुकली दिसते. कथेतले काही भाग छायाबाहुल्यांच्या खेळातून सांगितले आहेत, आणि तिथे मापांचा नियम बदलला तरी तो बदल कथेचाच आहे हे लगेच उमगते. ती मुलगी लहान दिसते म्हणूनच तिचे धाडस मोठे वाटते. इथे आकार विचार करून ठरवला आहे.

मुंबई-पुण्यात आज हजारो तरुण मुले-मुली हे काम शिकत आहेत. आपल्या किल्ल्यांवर, लेण्यांवर, पुराणांवर गेम आणि चित्रपट येत आहेत, पुढे आणखी येतील, आणि पुष्कळ मुलांना किल्ल्याची पहिली ओळख तिथेच होईल. त्या सगळ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. संगणकापुढे बसण्याआधी एका किल्ल्यावर जा. दिंडीतून वाकून आत शिरा. पायऱ्या चढताना गुडघा किती उचलावा लागतो ते ध्यानात ठेवा. जमले तर भीमथडी घोड्याशेजारी उभे राहा आणि त्याची पाठ आपल्या छातीला लागते की खांद्याला, ते बघा. मग काँगसारखे वाढवा, अजिंठ्यासारखे वाढवा, हनुमानासारखे लहानही करा, पूर्ण मोकळीक घ्या. पण कोणी विचारले की हे एवढे का, तर उत्तर तुमच्यापाशी तयार असले पाहिजे. ते नसेल, तर तो शॉट पुन्हा करा.